‘क्वारंटाइन द पास्ट’ टाळा म्हणणाऱ्यांचं काय चुकतं

पेव्हमेंट हा नव्वदच्या दशकातला अमेरिकी रॉक बँड ऐकायला कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं. ते साधारण असं : ‘२०१० चं ते ग्रेटेस्ट हिट्स, “क्वारंटाइन द पास्ट”, घेऊ नका. या बँडची हिट गाणी होतीच कुठे? पुन्हा एकत्र आल्यावर पैसे काढायला २३ गाणी कशीही कोंबली आहेत. ती सगळी पाच अल्बमांत आहेतच. शिवाय सगळ्यात गाजलेलं “हार्नेस युअर होप्स” त्यात नाही. त्यापेक्षा स्ट्रीमिंगवरची टॉप दहा लावा.’ हे उत्तर ठसक्यात दिलं जातं आणि तसंच पुढे पाठवलं जातं. त्यातला प्रत्येक मुद्दा तपासून पाहण्यासारखा आहे.

हिट नव्हती, हे बरंचसं खरं आहे. ‘कट युअर हेअर’ १९९४ मध्ये बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं आणि ‘कॅरट रोप’ १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये २७ व्या. त्यापलीकडे सांगण्यासारखं फारसं नाही. पण या संकलनाचं उपशीर्षक ‘द बेस्ट ऑफ पेव्हमेंट’ असं आहे, त्यात ‘हिट्स’ हा शब्दच नाही. जो दावा कुणी केलाच नाही, तो खोडण्यात काय अर्थ?

पैशांचा मुद्दा. संकलन ९ मार्च २०१० ला आलं आणि पुनर्मिलनाच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम १ मार्चला ऑकलंडमध्ये झाला होता. हा योगायोग नव्हे, धंदाच आहे. पण निव्वळ धंदा करायचा असता तर काय केलं असतं? एक, एखाददुसरं अप्रकाशित गाणं टाकलं असतं, म्हणजे सगळे अल्बम असलेल्या जुन्या चाहत्यालाही सीडी घेणं भाग पडलं असतं. असं एकही गाणं इथे नाही. दोन, सिंगल म्हणून निघालेली गाणी आधी भरली असती. इथे ‘रॅटल्ड बाय द रश’ नाही, ‘मेजर लीग्ज’ नाही, ब्रिटनमध्ये सगळ्यात वर गेलेलं ‘कॅरट रोप’सुद्धा नाही. त्याऐवजी तिसऱ्या क्रमांकावर ‘मेलो जॅझ डोसेंट’ आहे, दोन मिनिटांहूनही छोटं आणि खरखरीत. गल्ल्यावर डोळा ठेवणारा माणूस ते तिथे ठेवणार नाही.

‘सगळी गाणी अल्बमांत आहेतच’ हे तर सरळ चूक. २३ पैकी सहा गाणी पाचांपैकी कुठल्याच मूळ अल्बममध्ये नाहीत. ‘बॉक्स एल्डर’ १९८९ च्या पहिल्या ईपीवरचं (ईपी म्हणजे मोजक्या गाण्यांची, अल्बमहून छोटी रेकॉर्ड). स्टॉकटनमध्ये बँडचा पहिला ड्रमर गॅरी यंग याच्या घरगुती स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं आणि त्या ईपीच्या फक्त १००० प्रती निघाल्या होत्या. ‘मेलो जॅझ डोसेंट’ आणि ‘डेब्री स्लाइड’ १९९१ च्या ‘परफेक्ट साउंड फॉरेव्हर’वरची. ‘फ्रंटवर्ड्स’ आणि ‘शूट द सिंगर’ १९९२ च्या ‘वॉटरी, डोमेस्टिक’वरची. ‘अनसीन पॉवर ऑफ द पिकेट फेन्स’ हे आर.ई.एम. या बँडवरचं गाणं १९९३ च्या ‘नो ऑल्टरनेटिव्ह’ या एड्स-मदतीसाठीच्या संकलनातलं. ही सहा वेगळी गोळा करायची तर पहिल्या तिघांसाठी ‘वेस्टिंग’ हे सुरुवातीच्या ईपींचं संकलन घ्यावं लागतं, पुढच्या दोघांसाठी ‘स्लँटेड अँड एन्चँटेड’ची २००२ ची विस्तारित आवृत्ती आणि शेवटच्यासाठी ‘क्रुकेड रेन’ची २००४ ची.

आता ‘कशीही कोंबली’. क्रम कालानुसार नाही, एवढ्यावरून तो नाहीच असं म्हणणं घाईचं आहे. पहिली चार गाणी अनुक्रमे १९९४, १९९२, १९९१ आणि १९९७ ची. पुढेही ‘इन द माउथ अ डेझर्ट’ आणि ‘टू स्टेट्स’ ही जोडी सोडली तर सलग दोन गाणी एकाच रेकॉर्डवरची येत नाहीत. हे आपोआप होत नाही. काळानुसार लावलं असतं तर पहिली दहाही गाणी गॅरी यंग ड्रमवर असतानाची आली असती, आणि त्यातल्या सुरुवातीच्या ईपींच्या वेळी तर बँडकडे बेस वाजवणारा माणूसच नव्हता. नवा श्रोता तिसऱ्या गाण्याला उठून गेला असता. यंगच्या जागी आलेल्या स्टीव्ह वेस्टचे सैलसर ड्रम कानावर पडायला त्याला अकराव्या-बाराव्या गाण्यापर्यंत थांबावं लागलं असतं.

तरीही काळानुसार ऐकायचंच असेल, तर गाण्यांचे क्रमांक असे लावा : २१; ३, १५; १२, ५, ६, ९, १९; २, १६; २२; १, ७, १०, १३, १८; ११, २३; ४, ८, १४, २०; १७. एकदा चाहत्यांच्या कळपात पूर्ण शिरल्यावर हा क्रम मजा देतो, आधी नाही.

दोन्ही प्रकारे ऐकताना क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपताच पुढचं सुरू करणारी सोय, शून्यावर ठेवा. ‘ट्रिगर कट’ला ‘वुंडेड-काइट’ची आणि ‘शेडी लेन’ला ‘जे व्हर्सेस एस’ची शेपटी आहे. क्रॉसफेड चालू असेल तर पुढचं गाणं त्या शेपटांवर चढतं. शफलही नको. स्पॉटिफायवर आवाज समान करण्याची सोय चालू असेल, तर अल्बम सलग वाजताना ती सगळ्या अल्बमला एकच माप लावते. शफल केलं किंवा गाणी प्लेलिस्टमध्ये टाकली की प्रत्येक गाण्याचं माप वेगळं होतं, आणि हळू-मोठ्याचा मुद्दाम ठेवलेला चढउतार सपाट होतो. वरचा काळानुसारचा क्रम म्हणजे प्लेलिस्टच, तेव्हा त्या वेळी ही सोय बंदच करा.

राहिलं ‘हार्नेस युअर होप्स’. हे ‘ब्राइटन द कॉर्नर्स’च्या वेळी ध्वनिमुद्रित झालं, त्या अल्बममधून वगळलं गेलं आणि १९९९ मध्ये ‘स्पिट ऑन अ स्ट्रेंजर’सोबत जोडगाणं म्हणून निघालं. ते पसरलं २०१७ च्या सुमारास, स्ट्रीमिंगच्या ऑटोप्लेमुळे (गाणं संपलं की आपोआप दुसरं लावणारी सोय), आणि २०२० मध्ये टिकटॉकमुळे. म्हणजे २०१० मध्ये निवड करणाऱ्यांसमोर ते गाजलेलं गाणं नव्हतंच. ऑटोप्ले बँडचं सगळ्यात चांगलं गाणं शोधत नाही, नुकत्याच संपलेल्या गाण्याशी जुळणारं शोधतो. टॉप दहाच्या यादीत मग तीच आवड स्वतःला गिरवत राहते. गाणं छान आहे, पण त्यावरून पेव्हमेंटचा अंदाज बांधू नये.

खरी तक्रार करायची तर वेगळीच आहे, आणि ती हे लोक करत नाहीत. ‘वावी झावी’ या अल्बमच्या १८ गाण्यांतून फक्त ‘ग्राउंडेड’ आणि ‘फाइट धिस जनरेशन’ घेतली, ‘टेरर ट्वायलाइट’ या अल्बमच्या ११ मधून एकच. संकलन सुमारे सव्वा तासाचं आहे. सीडीवर फार तर ८० मिनिटं मावतात, म्हणजे आणखी एक-दोन गाणी बसली असती. ‘हेवन इज अ ट्रक’ काढून ‘वावी झावी’मधलं ‘रॅटल्ड बाय द रश’ घ्यायला हवं होतं, हे आमचं ठाम मत. तेव्हा २३ वं गाणं संपलं की टॉप दहाकडे न जाता ‘वावी झावी’ पहिल्या ‘वी डान्स’पासून सलग लावा.