सहकुटुंब, सहपरिवार, सात तासांत

मोठ्या शहरात मुलाबाळांना घेऊन फिरायला जायचं ठरलं की पहिलं काम यादीचं. विज्ञान केंद्र, वस्तुसंग्रहालय, प्राणिसंग्रहालय, तारांगण, आकाशपाळणा, संध्याकाळी बागेतला महोत्सव, रात्री आतषबाजी. दिवस एकच मिळतोय, ही काही अडचण नव्हे. मुलांना पहाटे पाचला उठवता येतं. फक्त ही यादी त्यांच्या हाती लागू देऊ नका. मुलं त्यातलं एखादंच काहीतरी निवडतात आणि तिथेच रमतात. एक मूल एका जागी रमलं की पुढचे तीन टप्पे बुडालेच म्हणून समजा. आपण शहर उरकायला निघालोय, हे दाराला कुलूप लावतानाच सगळ्यांना स्पष्ट असलेलं बरं.

सकाळचा मान विज्ञान केंद्राला द्या. या जागांचं दुखणं जुनं आहे. 1899 साली ब्रुकलिनमध्ये खास मुलांसाठी म्हणून संग्रहालय निघालं. पुढे 1969 साली फ्रँक ऑपनहायमर या भौतिकशास्त्रज्ञाने सॅन फ्रान्सिस्कोत एक्सप्लोरेटोरियम उघडलं आणि तिथल्या वस्तू फिरवून, ढकलून, ओढून बघायची मोकळीकच देऊन टाकली. हे लोण मग कुठल्या कुठे पसरलं. वर्षानुवर्षं 'हात लावू नकोस' म्हणून लावलेली शिस्त अशा ठिकाणी एका सकाळीत धुळीला मिळते. तेव्हा मुलाने एखादा दांडा धरला रे धरला की 'थांब, मी दाखवतो' म्हणायचं, तो आपल्या हातात घ्यायचा आणि आपल्याला कळेपर्यंत फिरवत राहायचं.

मी एकदा वाळूत रेघा काढणारा लोलक चांगला पंधरा मिनिटं चालवला. काय आकृती उमटली! दाखवायला वळलो तर मुलगी शेजारी नाही. ती कोपऱ्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळाशी उभी होती. नळाच्या तोंडावर बोट दाबलं की धार किती लांब जाते, बोट थोडं सरकवलं की किती, असं तिचं चाललं होतं. एक धार भिंतीपर्यंत गेली, एक थेट तिच्याच नाकात. आपण इथे विज्ञान शिकायला आलोय, याची आठवण करून देऊन तिला ओढून आणावं लागलं.

वस्तुसंग्रहालयात मात्र काळजी घ्या. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातल्या बेंजामिन आइव्हज गिलमन यांनी 1916 साली 'संग्रहालयाचा थकवा' या विषयावर लेख लिहिला होता. त्यांनी एका माणसाला मांडलेल्या वस्तू आणि त्यांच्या चिठ्ठ्या नीट बघायला लावल्या. ते करताना त्याला कुठे किती वाकावं लागतं, कुठे मान मोडावी लागते, याचे फोटो काढले आणि दोष मांडणीच्या पदरात घातला. गिलमनसाहेबांचा माणूस नशीबवान. त्याच्या कडेवर झोपलेलं मूल नव्हतं, खांद्याला तीन पिशव्या नव्हत्या आणि 'डायनासोर कुठंय' असं दर दालनात कुणी विचारत नव्हतं. आपण वस्तूंचे फोटो काढून पुढे सरकावं. घरी गेल्यावर सावकाश बघता येतात. निदान अजून तरी कुणी ते डिलीट केलेले नाहीत.

प्राणिसंग्रहालय भर दुपारी. सकाळी प्राणी जागे असतात, खातात, एकमेकांवर धावून जातात; मुलं तोंड उघडं टाकून बघत राहतात आणि अर्धा तास हां हां म्हणता जातो. दुपारी कसं सगळं निवांत. सिंह दिवसाचे वीस-वीस तास लोळून काढू शकतो आणि कोआला त्याला हार जाणारा नाही, त्यामुळे पिंजऱ्यामागे एक मिनिट पुरतं.

"सिंह कुठंय?"

"तो काय, दगडामागे."

"बाबा, तो दगडच आहे."

"शेपूट हलतेय बघ."

"ती फांदी आहे."

इथे वाद घालू नये. दिसला असं धरून पुढे चालावं. लंडनचं प्राणिसंग्रहालय 1828 साली उघडलं ते शास्त्रीय अभ्यासासाठी. सर्वसामान्यांसाठी दारं उघडायला 1847 उजाडावं लागलं. ती एकोणीस वर्षं तिथल्या सिंहांना 'ए, ऊठ ना!' असं ओरडणाऱ्या काकांशिवाय कशी गेली असतील, देव जाणे.

तारांगणाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. अंधार, गारवा आणि मागे कलणारी खुर्ची. वडीलधाऱ्यांना तिथे ताऱ्यांत रस असतो असं दिसतं, कारण सगळे तोंड वर करून पडलेले असतात.

आता आकाशपाळणा. याची खरी मजा रांगेत. 1893 साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात फेरिस या अभियंत्याने जे अवाढव्य चक्र उभारलं, त्याला 36 डबे होते आणि एकेका डब्यात 60 माणसं मावायची. म्हणजे एका वेळी 2,160 माणसं. आजही कुठल्याही पाळण्यापाशी जा, आपला नंबर 2,161वा. लंडनचा 135 मीटर उंचीचा पाळणा तर इतका संथ फिरतो की माणसं चढवायला-उतरवायला तो सहसा थांबवावाही लागत नाही. रांगेलाही तोच नियम लागू आहे: फिरतेय असं म्हणतात, दिसत मात्र नाही. हा वेळ वाया घालवू नका. मुलांच्या गणिताच्या मार्कांचा विषय काढायला याहून निवांत जागा नाही. इथून कुणी पळून जाऊ शकत नाही. निघताना तीनदा विचारल्यावर 'मला नाही आली' म्हणालेल्या मुलाला शू नेमकी फाटकापाशी येईल, हे मनाशी धरून चाला.

फाटकापाशी उंचीची पट्टी असते. धाकट्याचे केस कितीही वर उभे केले तरी तिथला माणूस ते तळहाताने चापून बसवतो. आजोबा रक्तदाबाची पाटी मोठ्याने वाचतात आणि स्वतःहून बाजूला होतात. मग धाकटा, आजोबा आणि पिशव्या सांभाळायला मुलांची आई खाली राहते. थोरलीला आत्ताच आठवतं की आपल्याला उंचावर भीती वाटते. अशा वेळी कर्त्या पुरुषाने डगमगू नये. दीड तास रांग लावली आहे. कुटुंबाच्या वतीने कुणीतरी बसायलाच हवं. मी बसलो. अगदी वर गेल्यावर खाली फोटो काढला. त्यात आम्ही सगळे आहोत: चार ठिपके आणि काचेत माझं नाक. सहलीतला सहकुटुंब असा तो एवढाच फोटो.

महोत्सवात दहा मिनिटं पुरे. हातावर शिक्का मारून घ्यायचा आणि बाहेर पडायचं. आतषबाजीसाठी शहाणा माणूस थांबत नाही, कारण ती संपली की सगळं शहर एकदम घरी निघतं. पहिला बाण सुटायच्या आत गाडी काढावी.

आम्ही काढली. पूल ओलांडला आणि मागच्या काचेत आभाळ हिरवं झालं. आवाज नाही. मग लांबून धप्प. पुन्हा आभाळ लाल, आणि मागच्या सीटवर थोरली बोटांवर मोजत बसलेली: एक, दोन, तीन, धप्प. पुढच्या बाणाला चार. "बाबा, आपण लांब चाललोय तसा आवाज उशिरा येतोय," ती म्हणाली. "गाडी थांबवा ना, नीट मोजू दे."

थांबवणार कशी? विज्ञान सकाळीच उरकलं होतं.