एन बादल्या

मीच लिहिलेल्या स्क्रिप्टमधून, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या यादीतून, बाहेर पडलेली सूचना बुधवारी रात्री घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीच्या चारही लिफ्टमध्ये चिकटवली गेली आणि गुरुवारी सकाळी दूध आणायला उतरताना मला ती वाचावी लागली. ‘शुक्रवारी पाणी येणार नाही.’ येथे ओळ तुटून पुढचे वाक्य खाली जायला हवे होते. त्याऐवजी एक उलटी तिरपी रेघ, तिला चिकटून इंग्रजी एन आणि एनला चिकटून ‘बादल्या भरून ठेवाव्यात’.

तिसऱ्या मजल्यावर सर आत आले. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला बंद लिफ्टमध्ये वाचायला काही मिळू नये, असे माझे आता ठाम मत आहे.

“एन बादल्या,” चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पुन्हा वाचले. “एनची किंमत दिलेली नाही.”

“सर, ती छपाईतली चूक आहे. ती खूण नवी ओळ सुरू करण्यासाठी असते.”

“नवी ओळ सुरू झालेली मला तरी दिसत नाही. आता एन ही नैसर्गिक संख्या धरली, तर ती एकही असेल आणि एक कोटीही असेल. आमच्या न्हाणीघरात चारच बादल्या मावतात, तेव्हा एन चारपेक्षा मोठा नाही हे मी सिद्ध करून देईन. पण ते काम सभासदांवर का टाकता? आणि ही मागची रेघ भागाकाराची म्हणावी, तर ती भलतीकडेच झुकली आहे.”

तळमजला आला, दार उघडले आणि सरांचे बोलणे संपायच्या आत मिटलेही. कोणीतरी सातव्यावर बटण दाबले होते. तिथे डबा घेऊन घाईने आत शिरलेल्या बाईंना सरांनी, “तुम्ही एन किती धरलात?” असे विचारले. त्यांनी आधी सूचनेकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने मी अजून खट्टू आहे.

कार्यालयात सेक्रेटरींसमोर मी उबुंटू ही प्रणाली असलेल्या संगणकावर तीच स्क्रिप्ट ‘एसएच’ लिहून चालवली आणि ती चोख चालली. व्यवस्थापकाने मात्र आदल्या रात्री, मीच चिठ्ठीवर लिहून दिल्याप्रमाणे, ‘बॅश’ लिहून चालवली होती. ही दोन्ही शेलांची, म्हणजे लिहिलेल्या आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रॅमांची, नावे.

यामागे मजकूर छापणाऱ्या एको या आज्ञेच्या घराण्यातली जुनी भाऊबंदकी आहे. माझ्या घरच्या मॅकवर 2019 पासून झेड शेल हे मूळचे शेल झाले आणि त्याचा एको ती खूण दिसताच ओळ तोडतो. बॅशचा एको, वेगळे काही सांगितले नाही, तर रेघ आणि एन जसेच्या तसे ओकतो. आणि उबुंटूत 2006 पासून ‘एसएच’ या नावाआड बॅश नसून डॅश हे वेगळेच शेल उभे असते, ज्याचा एको पुन्हा ओळ तोडणाऱ्यांपैकी. अशा आज्ञांनी कसे वागावे हे ठरवणाऱ्या पॉझिक्स या मानकाने निवाडा करावा, तर उलटी रेघ आल्यास काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवावे, असे लिहून ते मोकळे झाले आहे. शहाण्या माणसाने अशा ठिकाणी एकोऐवजी प्रिंटएफ ही आज्ञा वापरावी. ते मला माहीत होते, कंटाळा केला.

हे सगळे मी सेक्रेटरींना सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे तुम्ही चालवलेत की चालते, आमच्या माणसाने चालवले की चालत नाही. गेटवरचा फळा बरा होता हो.” त्या फळ्यावरचा मजकूर दर वेळी पावसात पुसला जायचा म्हणून तर हे काम माझ्या गळ्यात पडले होते, तेही फुकट, याची आठवण तिथे बसलेल्या चौघांपैकी एकालाही झाली नाही. उलट प्रिंटरमध्ये कागद अडकतो, तेही आलोच आहे तर बघून जावे, असे ठरले.

प्रिंटएफ घालून सुधारलेल्या सूचना दुपारी लागल्या. आमच्या लिफ्टमधली जुनी मात्र कोणी काढली नाही. संध्याकाळी पाहिले, तर तिच्याखाली पेन्सिलीने, वळणदार अक्षरात लिहिले होते: ‘एन = 4. पाहुणे असल्यास 6.’