चमकतंय की नाही!

आज एका परिचितांनी फ्रान्सिस कॅडेल या स्कॉटिश रंगवादी चित्रकाराचे ‘द ऑरेंज ब्लाइंड’ हे चित्र टाकले. ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयातले हे चित्र मोबाईलवर इतके भडक केले होते की त्यातला केशरी पडदा साडीच्या दुकानातल्या जाहिरातीसारखा दिसत होता. खाली कौतुकाचा पाऊस पडला होता. मला मनस्वी संताप आला.

कॅडेलने आपल्या चित्रांच्या पाठीवर स्पष्ट बजावून ठेवले होते की अस्तर (रंगाखाली कॅनव्हासवर दिलेला पहिला थर) शोषक आहे, वार्निश कधीही लावू नये. असे अस्तर रंगातले तेल पिऊन घेते, त्यामुळे रंग चकाकी न धरता वाळतो आणि केशरी, काळा, हिरवा असे सपाट पट्टे आपापल्या धारदार कडांनिशी शेजारी उभे राहतात. त्यावर वार्निश चढवले की ते आत मुरते आणि रंग काळवंडतात.

माझे काका चित्रकलेचे शिक्षक होते. पोस्टर कलरमध्ये काढलेले घराच्या पडवीचे चित्र त्यांनी फ्रेम करायला दिले, तर फ्रेमवाल्याने न विचारता त्यावर वार्निश मारले आणि वर विचारले, “आता कसं, चमकतंय की नाही?” काकांनी मुकाट्याने पैसे दिले; ते चित्र भिंतीवर कधीच लागले नाही. आजच्या पोस्टखाली मला तोच प्रश्न दिसत होता.

जुन्या तैलचित्रांना वार्निशने संरक्षण मिळते, हे मान्य. पण कॅडेलला चकाकीचे वावडे नव्हतेच! एडिंबरामधल्या एन्स्ली प्लेसच्या घरात त्याने जमीन काळी, आरशासारखी घोटून घेतली होती आणि तिच्यातली प्रतिबिंबे तो त्याच निस्तेज वाळणाऱ्या रंगांनी रंगवत असे. चकाकी कुठे हवी, हे त्याने ठरवले होते. फ्रेमवाल्याने ठरवायचे नव्हते.

लिहिताना राग थोडा निवळला. पहिल्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून भरती झालेला, १९१२ पासून स्कॉटलंडच्या आयोना बेटाच्या पांढऱ्या वाळूकडे पुन्हा पुन्हा जाणारा हा माणूस १९३७ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, हलाखीत गेला. मोबाईलमुळे चार मराठी माणसांना त्याचे नाव कळले, हेही नाइलाजाने कबूल करतो.

तरीही त्या परिचितांना विनंती आहे की ते चित्र काढून संग्रहालयाने दिलेली प्रत टाकावी. “पण असंच छान दिसतं” असे इथे कोणी लिहिले, तर मी उत्तर देणार नाही.