आडनाव एक म्हणून घराणं एक? रुबिनस्टाइन, फिशर आणि मंडळी

‘बुद्धिबळ आणि पियानो एकाच रक्तातून येतात’ असं सांगणारा एक मजकूर सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतोय. पुरावा काय, तर नावांच्या जोड्या. बुद्धिबळपटू आकिबा आणि पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन म्हणे सख्खे भाऊ, दोन हॉरोविट्झ चुलतभाऊ, फिशर घराण्यात पियानोवादकही आणि जगज्जेताही. पुढे रिख्टर, सोकोलोव्ह, तैमानोव्ह. वाचायला झकास, पण एकही जोडी तपासलेली दिसत नाही.

रुबिनस्टाइन. इथे फसायला जागा आहे, हे मान्य. दोघंही रशियन साम्राज्यातल्या पोलंडचे ज्यू, आणि दोघांच्याही चरित्रात वुच हे शहर येतं. आर्थर १८८७ साली तिथेच जन्मला, सात भावंडांत सगळ्यांत धाकटा. या सातांत आकिबा नाही. तो स्ताविस्की गावचा. साल्वेसारख्या तगड्या खेळाडूशी खेळायला मिळावं म्हणून तो तरुणपणी वुचला आला. १९०७ साली तिथेच त्याने रोटलेवीविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी तो प्रसिद्ध डाव खेळला. बाविसाव्या चालीला वजीर मरतोय तो मरू दिला आणि हत्तीने घोडा मारला, लगेच दुसरा हत्तीही देऊ केला. पंचविसाव्या चालीला हत्ती एच-३ या घरात येताच रोटलेवीने डाव सोडला. तोवर आर्थर शहर सोडून बर्लिनला पियानो शिकायला गेला, त्याला बरीच वर्षं झाली होती.

मग आडनाव एक कसं? ऑस्ट्रियाने १७८७ साली ज्यूंना कायमची आडनावं घ्यायला लावली, पुढे प्रशिया आणि रशियानेही तेच केलं. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या कुटुंबांनी ठिकठिकाणी तीच ती नावं घेतली. आर्थरचं तर पियानोवादकच असलेल्या अंतोन रुबिनस्टाइनशीही नातं नव्हतं!

हॉरोविट्झ. पियानोवादक व्लादिमीर १९०३ साली युक्रेनमध्ये जन्मला आणि १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा वाजवायला आला. बुद्धिबळवाला इस्रायल अल्बर्ट १९०७ साली ब्रुकलिनमध्येच जन्मलेला. तीनदा बुद्धिबळाची यूएस ओपन स्पर्धा जिंकणारा आणि बुद्धिबळाचं मासिक चालवणारा. शेजारच्या दोन कर्णांवरून राजाच्या किल्ल्यावर रोखलेले ‘हॉर्विट्झचे उंट’सुद्धा मजकुराने याच खात्यात टाकलेत. ते नाव बर्नहार्ड हॉर्विट्झचं. तो १८०७ सालचा जर्मन, पेशाने चित्रकार, आणि त्याच्या आडनावाचं स्पेलिंगही वेगळं.

फिशर. पियानोवादक एडविन स्वित्झर्लंडमधल्या बाझलचा, पियानोवादक ॲनी बुडापेस्टची, बुद्धिबळाचा जगज्जेता बॉबी शिकागोचा. जर्मन भाषकांत हे आडनाव पैशाला पासरी. त्यात बॉबीला ते मिळालं आईचे पती हान्स-गेरहार्ट फिशर यांच्याकडून. त्याचे जन्मदाते हंगेरियन शास्त्रज्ञ पॉल नेमेन्यी असावेत, असं एफबीआयच्या कागदपत्रांच्या आधारे अनेक चरित्रकार मानतात. म्हणजे ज्या आडनावावरून रक्ताचं नातं जोडायचं, त्या आडनावाचं रक्ताशी नातं होतं की नाही हीच शंका.

बर्लिनचा बुद्धिबळपटू कुर्ट रिख्टर आणि युक्रेनमधल्या झितोमिरचा पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टर यांच्यात आडनावापलीकडे काही नाही. सोकोलोव्हचं तसंच: १९६६ साली सोळाव्या वर्षी पियानोची चायकोव्स्की स्पर्धा जिंकणारा ग्रिगोरी लेनिनग्राडचा, ग्रँडमास्टर इव्हान बोस्नियाचा. गंमत म्हणजे मॉस्कोत इव्हान सोकोलोव्ह नावाचा पियानोवादक-संगीतकार खरोखरच आहे. पूर्ण नाव जुळणारी ही जोडी मजकूर लिहिणाऱ्याला सापडलीच नाही. अर्थात नातं तिथेही नाही.

कहर केलाय तैमानोव्हच्या बाबतीत. ‘ग्रँडमास्टर तैमानोव्ह आणि पियानोवादक तैमानोव्ह’ अशी जोडी दिलीय. अहो, तो एकच माणूस! मार्क तैमानोव्ह १९५६ साली सोव्हिएत विजेता होता. सिसिलियन बचाव या डावाच्या सुरुवातीतला एक प्रकार त्याच्या नावाने ओळखला जातो. आणि तोच पहिली पत्नी ल्युबोव ब्रुक हिच्यासोबत दोन पियानोंवर मैफली करायचा. विसाव्या शतकातल्या थोर पियानोवादकांची जी मोठी सीडी मालिका फिलिप्सने काढली, तिच्यात या दोघांना स्वतंत्र खंड आहे. १९७१ साली व्हँकुव्हरला बॉबी फिशरने त्याला ६-० असा धुतला, तेव्हा सोव्हिएत सरकारने बुद्धिबळासोबत त्याच्या मैफलींवरही गदा आणली.

एक खरी भावांची जोडी मात्र आहे, आणि मजकुरात नेमकी तीच नाही. बुद्धिबळपटू रिचर्ड रेटीने १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याला हरवून त्याची आठ वर्षांची अपराजित घोडदौड थांबवली. त्याचा थोरला भाऊ रुडॉल्फ हा पियानोवादक, संगीतकार आणि संगीताचा अभ्यासक. इथे आडनावही एक आणि आईबापही एक. पण एवढ्या एका उदाहरणावर सिद्धांत उभा राहत नाही. अलेखिन, बोटविनिक या जगज्जेत्यांच्या आडनावाचा नामांकित पियानोवादक दाखवा म्हटलं तर काय करणार?

शिवाय खरं नातं असतं तिथेही आडनाव दगा देतं. अझरबैजानमधल्या बाकूचे संगीतकार लिओनिद वाइनश्टाइन यांचा पुतण्या जगज्जेता झाला. वडील लवकर गेल्यावर त्याने आईकडचं आडनाव लावलं, म्हणून जग त्याला गॅरी कास्पारोव्ह म्हणतं.