तारेचा कोपरा आणि मिरजेची जवारी

नमस्कार सर,

तुमची प्रतिक्रिया गेल्या आठवड्यात आली. त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो, पण तुमच्या दुसऱ्या मुद्द्यापाशी गाडी अडली. मिरजेला एक फेरी मारल्याशिवाय पुढे लिहिणे बरे दिसले नसते. म्हणून हा उशीर.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: ताणलेल्या तारेच्या कुठल्याही बिंदूचे त्वरण तिथल्या वक्रतेच्या प्रमाणात असते, आणि एवढ्या एका अवकल समीकरणातून (कॉलेजच्या भाषेत वेव्ह इक्वेशन) तंबोऱ्याच्या तारेतले सगळे स्वर निघतात, असे मी लिहिले होते. साताऱ्यात तीस वर्षे गणित शिकवलेल्या सरांनी त्यावर दोन हरकती घेतल्या. पहिली: बोटाने ओढलेल्या तारेला कोपरा येतो, कोपऱ्यावर दुसरा डेरिव्हेटिव्ह (उतार किती झपाट्याने बदलतो ते, म्हणजे वक्रता) नसतोच, मग दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवर उभे असलेले समीकरण तिथे लागू कसे? ‘फिजिक्सवाले अशा जागी डोळे मिटून पुढे जातात,’ हे त्यांचे वाक्य. दुसरी: तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, चौपट अशा कंपनसंख्येचे स्वर) उमटत नाहीत, असे मी ठोकून दिले होते. ‘तंबोरा जवळजवळ मध्यावरच छेडतात आणि वरचा सा लख्ख ऐकू येतो. तंबोऱ्याजवळ कधी बसला आहात का?’

सर, पहिल्या हरकतीत तुमच्या बाजूने खुद्द फ्रेंच गणिती दालांबेर उभा आहे. हे समीकरण १७४७ मध्ये त्यानेच मांडले, उत्तरही काढले: दोन आकार, एक डावीकडे धावणारा, एक उजवीकडे, त्यांची बेरीज म्हणजे तार. पण सुरुवातीचा आकार कोपरा नसलेला, एकाच सूत्रात बसणारा हवा, हा त्याचा हट्ट. दुसरा गणिती ऑयलर म्हणाला, हाताने काढलेली कुठलीही रेघ चालेल. वाजवणारा तार ओढतो तेव्हा सूत्र विचारत बसत नाही. १७५३ मध्ये डॅनिएल बर्नुली तिसरेच घेऊन आला: कुठलाही आकार म्हणजे साइन लहरींची बेरीज. तिघे भांडत राहिले. १७८२-८३ मध्ये तिघेही गेले, वाद मागे राहिला. फूरियेने १८०७ मध्ये बर्नुलीच्या कल्पनेला बळ दिले, तरी तुमचा कोपरा तसाच होता. मध्यावर ओढलेल्या तारेची मालिका मांडा: पहिल्या हार्मोनिकचा वाटा १ धरला तर तिसऱ्याचा १/९, पाचव्याचा १/२५. दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतला की त्यांना अनुक्रमे १, ९ आणि २५ ने गुणायचे. सगळी पदे सारख्याच मापाची झाली, मालिका कुठे थांबेना. म्हणजे तुमची हरकत कागदावरही दिसते.

इथे एक सोपा बचाव आहे आणि तो मी करणार नाही. खऱ्या तारेला जाडी असते, ती थोडी ताठ असते, बोटही सुईच्या टोकाएवढे नसते, तेव्हा खरा कोपरा कधी नसतोच, असे म्हणून सुटता येते. ते खरे आहे. पण त्या ताठपणासाठी समीकरणात चौथ्या डेरिव्हेटिव्हचे आणखी एक पद घालावे लागते. तुम्ही विचारले होते ते साध्या समीकरणाबद्दल.

माझे उत्तर असे की समीकरण मुळात नंतरचे. आधी न्यूटन. तारेचा वीतभर तुकडा घ्या. त्याच्या दोन टोकांना ताण दोन दिशांनी ओढतो, त्या दोन ओढींतल्या फरकाइतका तुकड्याचा संवेग दर सेकंदाला बदलतो. या विधानात दुसरा डेरिव्हेटिव्ह कुठेच नाही, फक्त टोकांपाशी तारेचा उतार लागतो. तुकडा लहान लहान करत एका बिंदूवर आणला आणि आकार गुळगुळीत धरला, की आपले नेहमीचे समीकरण मिळते. गुळगुळीतपणाची अट आपण शेवटच्या पायरीला घातली. तार त्याला बांधील नाही.

आता तोच तुकडा कोपऱ्यासकट घ्या. तार सोडल्यावर कोपरा विरघळत नाही. त्याचे दोन होतात आणि एकमेकांपासून दूर पळतात, मधली तार सपाट होत खाली येते. मला शिकवताना हे चित्र फार आवडायचे: त्रिकोणाचे डोके कुणीतरी विळीवर कापत चालले आहे असे वाटते. पळणारा कोपरा ज्या बिंदूवरून जातो, त्या बिंदूचा वेग एका क्षणात बदलतो. एवढा संवेग आला कुठून? कोपऱ्याच्या दोन बाजूंना ताणाच्या दिशा वेगळ्या असतात, त्या फरकातून. हिशेब मांडला तर तो एकाच वेगाला जुळतो: ज्याचा वर्ग म्हणजे ताण भागिले एक मीटर तारेचे वस्तुमान. लहरीचा वेग तोच. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावलेली जोडाची तार, म्हणजे तंबोऱ्याच्या सा लावलेल्या मधल्या दोन तारांपैकी एक, लांबी ९० सेंटीमीटर धरली, तर सेकंदाला सुमारे २५० मीटर. डेरिव्हेटिव्ह नाही तिथेही नियम मोडला नाही. तुमच्या विषयातल्या लोकांनी हेच पुढे शिस्तीत बसवले. १९३० नंतर सोबोलेव आणि १९४० च्या दशकात लोराँ श्वार्ट्झ यांनी. समीकरण बिंदूबिंदूवर न तपासता गुळगुळीत फलनाने गुणून पट्ट्यापट्ट्यावर तपासायचे. तेव्हा फिजिक्सवाल्यांनी डोळे मिटले होते हे मान्य, पण वाट चुकली नव्हती.

दुसऱ्या हरकतीत मात्र मी साफ चुकलो.

चुकलो कसा तेही सांगतो. तंबोऱ्यात स्वयंभू गंधार (कुठलीही तार त्याला न लावता आपोआप उमटणारा ग) ऐकू येतो, तो पाचवा हार्मोनिक. पाच विषम. तो ऐकू येतो म्हणजे माझे गणित जुळले, असे समजून मी खूश झालो आणि दुसऱ्या-चौथ्याची चौकशी केलीच नाही. परवा सांगलीच्या विश्रामबागेतून सिटी बस धरली, मिरजेला उतरलो आणि सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. एका दुकानात पंढरपूरकडचे भोपळे रचून ठेवले होते, एक कारागीर घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरवत बसला होता. दोन ओढी, फुंकर, तार चढवायची, कान लावायचा, परत उतरवायची. मी काय हवे ते सांगितल्यावर त्यांनी तयार तंबोरा पुढे केला, जोडाची तार काळी एकला लावून दिली आणि मध्यावर छेडली. माझ्या मोबाइलवरच्या आलेखात १३९ हर्ट्झला शिखर, २७७ ला शिखर, ४१६ ला, ५५४ ला. २७७ म्हणजे दुसरा हार्मोनिक, तुमचा वरचा सा, जो माझ्या लेखाप्रमाणे नसायला हवा होता. चांगला उंच.

मग मी घोडीच्या पुढे तारेखाली एक आगकाडी सरकवायला सांगितली. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिले, पण सरकवली. आता तारेचे टोक काडीच्या धारेवर नेमके ठरले होते. आवाज एकदम मेला. ‘डबा झाला,’ कारागीर म्हणाले. आलेखात २७७ चे शिखर बुटके झाले होते. पार गेले नाही, कारण मध्य अंदाजाने धरलेला. काडी काढली, घोडीवर तारेखाली घातलेला दोरा केसभर इकडेतिकडे केला आणि आवाज परत उघडला.

म्हणजे गडबड तारेच्या मधल्या भागात नाही, टोकाला आहे. माझ्या लेखात ‘दोन्ही टोके घट्ट बांधलेली’ असे अर्ध्या ओळीत उरकले होते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा किंचित वाकलेला असतो, जवारी म्हणतात ती हीच घडण. कंप पावणारी तार त्याला टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि मोकळ्या तारेची लांबी क्षणाक्षणाला बदलत राहते. गणितात टोकाची अट ‘विस्थापन शून्य’ अशी राहत नाही. ती होते ‘तार माथ्याच्या खाली जाऊ शकत नाही’. समीकरणाच्या जागी असमानता. असे झाले की हार्मोनिक एकमेकांपासून वेगळे राहत नाहीत, एकाची ऊर्जा दुसऱ्यात जाते, आणि छेडताना जो हार्मोनिक नव्हता तोही काही क्षणांत भरून येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये, रामन परिणामाच्या सात वर्षे आधी, तंबोरा आणि वीणेबद्दल नेमके हेच नोंदवले होते: जिथे छेडल्यावर जो हार्मोनिक उमटायला नको, तो या वाद्यांत जोरात ऐकू येतो, आणि कारण घोडीत आहे. हे मी एम.एस्सी.ला असताना वाचले होते. वाचले होते आणि तरी तसे लिहिले, याची जास्त लाज वाटते.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी सहमत नाही. ‘तंबोऱ्याला तुमचे समीकरण चालतच नाही’ असा तुम्ही निष्कर्ष काढलात. तारेच्या मधल्या भागात ते जसेच्या तसे चालते, आगकाडीने तेच दाखवले. चालत नाही ती मी गृहीत धरलेली घोडी.

लेखातले वाक्य आज बदलले आहे. आता ते असे: ‘टोके धारेवर पक्की असतील तर मध्यावर छेडलेल्या तारेत सम हार्मोनिक उमटत नाहीत, तंबोऱ्यात जवारीमुळे उमटतात.’ खाली ‘साताऱ्याच्या एका वाचकांनी दाखवलेली चूक’ अशी टीप टाकली आहे. नाव घातले तर चालेल का, ते कळवा.