चकली निर्दोष आहे

श्रावण सरला की ठाण्यातल्या आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आरोग्याचे उपदेश सुरू होतात, ते थेट संक्रांतीपर्यंत. मोदक तळणीचे नकोत, उकडीचेच खा. चकली एअर फ्रायरमध्ये करा. शंकरपाळ्यांत मैद्याऐवजी नाचणी घाला. (ती शंकरपाळी मी खाल्ली आहेत. असो.) इथे इंग्लंडमध्ये, लेस्टरला हे वाचताना मला खटकतं ते एवढंच, की सणात तब्येत बिघडल्याचं सगळं खापर ताटावर फुटतं, म्हणजे फिरून घरातल्या बाईवरच. आधी तिने चार दिवस तळणीसमोर उभं राहायचं, वर तेलाचा हिशेबही तिनेच द्यायचा.

खाण्याने काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुट्ट्यांमध्ये मोठ्या माणसांचं वजन सरासरी ३७० ग्रॅमच वाढलेलं दिसलं. ते पुढे उतरलं मात्र नाही. मधुमेह असलेल्याने लाडू मोजूनच खावा, पण ते त्याचे डॉक्टर सांगतील.

मला जास्त काळजी वाटते ती झोपेची आणि ताणाची. स्वीडनमध्ये १९९८ ते २०१३ या काळातल्या हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद तपासली, तेव्हा ख्रिसमसच्या आदल्या दिवशी ते ३७ टक्क्यांनी जास्त निघाले, त्यातही रात्री दहाच्या सुमारास सर्वाधिक. पंचाहत्तरी ओलांडलेले, मधुमेही आणि आधीच हृदयविकार असलेले यांना धोका अधिक. नेमकं कारण त्यातून सिद्ध होत नाही, पण संशोधकांनी जेवण आणि दारूसोबत राग, चिंता, दुःख, ताण यांच्याकडेही बोट दाखवलं आहे. आता ठाण्याच्या नौपाड्यातल्या पहिल्या मजल्यावरचे एखादे आजोबा डोळ्यांसमोर आणा. खाली मिरवणूक, खिडकीच्या काचा थरथरतायत, रक्तदाबाची गोळी घेऊन झाली तरी झोप नाही. त्यांना आपण सांगतो, करंजी बेक केलेली खा.

आवाजाचा विषय काढला की ग्रुपवरचं ठरलेलं उत्तर येतं: सगळे नियम आमच्याच सणांना का? म्हणून इथला नियम सांगते. इंग्लंडमध्ये रात्री अकरानंतर फटाके उडवायला मनाई आहे. नोव्हेंबरच्या बॉनफायर नाइटला ती मुदत बारापर्यंत वाढते. पण दिवाळीला, चिनी नववर्षाला आणि ३१ डिसेंबरला थेट रात्री एकपर्यंत. म्हणजे दिवाळीला त्यांच्या स्वतःच्या फटाक्यांच्या रात्रीपेक्षा तासभर जास्तच. आपल्याकडचे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियमही काही जाचक नाहीत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ती वेळ बारापर्यंत वाढवू शकतं. ध्वनिवर्धक लावणं हा धर्मस्वातंत्र्याचा भाग नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ज्या याचिकेवर स्पष्ट केलं, ती याचिका करणारे डॉ. महेश बेडेकर ठाण्याचेच.

दिवाळीच्या पहाटे ठाण्यात तलावपाळी आणि राम मारुती रोडवर लोटणारी गर्दी मला आजही हवीहवीशी वाटते. विशीत मी त्यातच असायचे. नटूनथटून मित्रमैत्रिणींना भेटणं हे मनाच्या तब्येतीला उत्तमच. भिंतीएवढे स्पीकर नसते तरी आम्ही आलोच असतो.

ताटावरचा वाद इतका लोकप्रिय का, तर तो फुकट आहे. काकूला ‘तेल कमी घाल’ म्हणायला धैर्य लागत नाही. मंडळाला ‘आवाज कमी करा’ म्हणायचं तर वर्गणी मागायला येणारी मुलं, नगरसेवक आणि शेजारी एकदम समोर उभे राहतात. इथे तक्रार केली की तपासणं हे नगरपालिकेचं काम आहे. तक्रार करणाऱ्याला गल्लीशी वैर घ्यावं लागत नाही.

पण इथलं सगळं घेऊन जावं, असं मुळीच नाही. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. ख्रिसमसच्या दिवशी आगगाड्या बंद. ज्याच्याकडे गाडी नाही आणि माणसंही नाहीत, तो घरात अडकतो. एकटेपणासाठी या देशाने २०१८ मध्ये चक्क एक मंत्री नेमला. मन मोकळं करण्यासाठी असलेली समॅरिटन्स संस्थेची ११६ १२३ ही फोनसेवा त्या दिवशीही चालू असते, कारण तेव्हाही तिची गरज असते. पाचपाखाडीत माझ्या आईकडे समोरच्या वहिनी न विचारता फराळाचं ताट घेऊन येतात आणि तासभर बसतात. त्या ताटातली चकली तळलेलीच असते, आणि ती आईने खावी असंच मला वाटतं.

मात्र आता ठाण्यातही मुलं परदेशात नि आईवडील बंद फ्लॅटमध्ये, अशी घरं वाढतायत. माझं त्यातलंच एक. समोर वहिनी सगळ्यांच्याच नसतात. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक २०२२ पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं. तो लिफ्टशेजारच्या फळ्यावर लावायला सोसायटीला खर्च शून्य. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बरेच दवाखाने बंद असतात, तेव्हा गोळ्या आधीच भरून ठेवा, हेही त्याच फळ्यावर लिहावं. आणि रात्री दहानंतरची तक्रार आजोबांनी एकट्याने ११२ ला फोन करून का द्यावी? मंडळाला आणि पोलीस ठाण्याला सणाच्या आठवडाभर आधी पत्र जावं: सोसायटीच्या लेटरहेडवर, अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघांच्या सह्यांनी.