उपयोगाआधीचा प्रश्न

आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. एका मैत्रिणीच्या मुलीनं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पीएचडीला ऑक्साइडच्या अतिपातळ थरांचा विषय घेतला. लगेच एकानं लिहिलं, "ऑक्साइड म्हणजे गंजच की! शिरोलीच्या एमआयडीसीत गंज काढायला आम्ही पैसे मोजतो, आणि ही त्यावर एवढी वर्षं घालवणार. उपयोग काय त्याचा?" खाली अंगठ्यांची रांग. माझा राग अजून उतरलेला नाही.

जर्मनीत, स्टुटगार्टला, माझं रोजचं काम हेच आहे. स्ट्रॉन्शियम टायटनेटचा काचेसारखा पारदर्शक तुकडा घ्यायचा आणि लेसरच्या माऱ्यानं त्यावर लँथेनम अ‍ॅल्युमिनेटचे थर बसवायचे. दोन्ही ऑक्साइडच, आणि पक्के विद्युतरोधक. पृष्ठभागावरून परतलेल्या इलेक्ट्रॉनांचा पडद्यावरचा ठिपका मंदावतो, पुन्हा उजळतो. उजळला की एक थर पुरा झाला. तिसऱ्या थरापर्यंत काही नाही. चौथा बसला की दोन रोधकांच्या सांध्यात वीज खेळू लागते. चार थरांची जाडी जेमतेम दीड नॅनोमीटर! कितीही वेळा पाहिलं तरी अंगावर काटा येतो.

हा सांधा वाहक असतो हे ओहटोमो आणि ह्वांग या शास्त्रज्ञांनी २००४ साली दाखवलं, चार थरांची अट २००६ साली ऑग्सबुर्गच्या गटानं. पुढच्याच वर्षी कळलं, की ०.२ केल्विनच्या आसपास, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, तो अतिवाहकही होतो, वीज विनारोध वाहते. मुळात सांधा वाहक होतो कशामुळे? अ‍ॅल्युमिनेटच्या प्रत्येक थरात धन आणि ऋण भाराचे पापुद्रे आलटून पालटून असतात. थर वाढतील तसा आतला विद्युतदाब चढतो आणि शेवटी इलेक्ट्रॉन सांध्याकडे सरकून तो दाब उतरवतात, असं काहींचं म्हणणं. ऑक्सिजनचे अणू निसटून रिकाम्या राहिलेल्या जागा इलेक्ट्रॉन पुरवतात, असं इतरांचं. घालायचा तर असा वाद घालावा.

आणि कोल्हापूरनं तरी असं बोलू नये. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून पातळ थर बनवण्यात आपल्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागानं नाव कमावलंय. मीही तिथंच शिकले. "उपयोग काय" हे ज्या फोनवर टाइप झालं, त्याच्या पडद्यावरही इंडियम टिन ऑक्साइडचा थर असतो, पारदर्शक आणि वाहक.

इथं असले टोमणे ऐकावे लागत नाहीत. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं, काय करता? मूलभूत संशोधन, म्हटलं. त्यांनी मान डोलावली. केहरवोखेला, म्हणजे जिना झाडण्या-पुसण्याची आपली पाळी असलेल्या आठवड्यात, तो नीट पुसला नाही तर दार वाजवतात, कामाबद्दल पुन्हा चकार शब्द नाही. हा समंजसपणा मी इतकी वर्षं कोल्हापूरला ऐकवत आले.

पण खरं सांगायचं तर इथं मी काय करते, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. रंकाळ्यावर भेळ खाताना मामा, शेजारी, मामांचे मित्र, सगळे विचारायचे, उलटतपासणी घ्यायचे, पटलं नाही तर सरळ तोंडावर सांगायचे. ग्रुपवरचा तो मित्रही त्यांतलाच. माझं काम त्याला फालतू वाटतं, पण त्यावर तो माझ्याशी रात्री एकपर्यंत भांडतो. इथं त्यासाठी कोण जागतं?

ती मुलगी परवा फोनवर विचारत होती, पीएचडीनंतर तिकडे येऊ का, मावशी? मी ये म्हटलं. त्या ०.२ केल्विनच्या थंडीत मोजमापं करायची यंत्रं इथं हाताशी आहेत. कायमची राहायला ये, असं मात्र म्हणवलं नाही.